आधी मॅडम, मग पेशंट

ॲम्ब्युलन्सला फोन करायच्या आधी आंटी लिपस्टिक लावायच्या. हसू नका. दुखण्याने कंबर वाकलेली, एक हात बेसिनच्या कडेवर, आणि दुसऱ्या हाताने आरशात बघत ओठांवर लाल रंग. मग मोत्यांची कानातली, निळा कोट आणि हॅट. कुठली हॅट, यावरही विचार व्हायचा. मी जिन्यात फोन घेऊन ताटकळत असायचे आणि आतून आवाज यायचा, "आधी मॅडम दिसायचं, डार्लिंग. मग पेशंट."

लंडनच्या एजवेअर भागात आमच्या दोन घरांत एकच भिंत. त्या मूळच्या जमैकाच्या. लहानपणी आईबरोबर लंडनला आल्या आणि शाळेत डिनर लेडी म्हणून पोरांना वाढण्यात आयुष्य गेलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मी त्यांना आंटी म्हणायचे. नागपुरात शेजारच्या मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारली असती तर आईने मला घरात घेतलं नसतं. त्यांना ते आवडलं. त्यांच्याकडेही तीच रीत होती.

आमची खरी ओळख झाली ती दुखण्यामुळे. माझी मुलगी सुजाता तेव्हा इयर सेव्हनला, म्हणजे अकरा वर्षांची होती. एका थंड सकाळी तिचे हातपाय असे ठणकायला लागले की ती जिन्यातच बसून रडायला लागली. भिंतीपलीकडून ते ऐकून आंटी आल्या. त्यांनी तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला आणि मला विचारलं, "सिकल सेल?" मी थक्क झाले. विदर्भात आमच्या वस्तीत हा आजार घरोघरी. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं आतून फोडून काढतात. माझा भाऊ त्यातच गेला. पण लंडनमधली एक जमैकन बाई तो नुसता बघून ओळखेल, असं मला वाटलं नव्हतं. "मलाही आहे," त्या म्हणाल्या, आणि गरम पाण्याची पिशवी आणायला घरी पळाल्या.

पुढे रविवारचा चहा ठरूनच गेला. एकदा त्या म्हणाल्या, "आमच्या लोकांना आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलं ना, तेव्हा नावं काढून घेतली, भाषा काढून घेतली, देव काढून घेतले. एवढं मात्र राहिलं." आणि स्वतःच्या मांडीच्या हाडावर थाप मारून खो खो हसल्या. मीही हसले आणि मग मला कसंतरीच झालं.

त्यांच्या आजीची पणजी उसाच्या मळ्यावर गुलाम होती. कापणीच्या दिवसांत तिला हेच दुखणं यायचं आणि ती सरीतच कोसळायची. मुकादम म्हणायचा, ढोंग आहे, काळ्यांना आपल्यासारखं दुखत नसतं. "असं म्हटलं नसतं तर चाबूक ओढून झाल्यावर त्याला जेवण गेलं असतं का?" आंटी म्हणाल्या. "मळे गेले, डार्लिंग. पण इथल्या हॉस्पिटलात अजून मला तो मुकादम भेटतो. युनिफॉर्म तेवढा बदललाय."

मी त्यांना माझ्या भावाचं सांगितलं. तो वॉर्डाबाहेर जमिनीवर तळमळत होता आणि डॉक्टर जाता जाता म्हणाले होते, ह्या लोकांना सवय असते. आंटींचा कप हातातच राहिला. "तुमच्याकडेसुद्धा?" त्यांनी विचारलं.

लिपस्टिकचं कारण असं. तरुणपणी त्या एकदा नाइटगाउनवर, डोक्याला फडकं बांधून ए अँड ईला, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेल्या होत्या. मला मॉर्फिन लागतं, असं त्यांनी सांगितलं. त्यावर नर्सने विचारलं, इतर कुठली नशा करता? त्यांना बाकावर बसवून ठेवलं आणि शेजारी सिक्युरिटीचा माणूस उभा केला. त्या दिवसापासून मोती आणि हॅट.

सुजाताला त्यांनी हे सगळं शिकवलं. औषधाचं नाव आपण घ्यायचं नाही, डॉक्टरांना घेऊ द्यायचं. रडायचं नाही, नाटक वाटतं. अगदी गप्पही बसायचं नाही, बरं वाटतंय असं वाटतं.

"मग करायचं काय?" सुजाताने विचारलं.

"नीट कपडे घालायचे," आंटी म्हणाल्या.

सुजाता माझ्याकडे वळली. "आई, धिस इज सो अनफेअर. माझा हाड दुखतो, तर ते कपडे कशाला बघतात?"

थंडी सुरू झाली की मी रात्री उठून कानोसा घ्यायचे. सुजाताचा घ्यायचे तसाच भिंतीपलीकडच्या बाईचाही घ्यायचे. आणि खरं सांगते, दुखण्यापेक्षा मला हॉस्पिटलच्या त्या रिसेप्शनची भीती जास्त वाटायची. आंटींनाही वाटायची. ए अँड ईचं सरकतं दार उघडलं की हा एवढा धीराचा जीव माझा दंड घट्ट पकडायचा.

गेल्या जानेवारीत त्यांनी सकाळीच भिंतीवर थाप मारली. या वेळी दुखणं छातीत होतं. ॲम्ब्युलन्सला उशीर लागणार होता, म्हणून मी माझ्या गाडीतून त्यांना नेलं. अर्थात निळा कोट, मोती, हॅट सगळं झाल्यावर. रिसेप्शनवरची मुलगी गोड होती. "लव्हली हॅट," ती म्हणाली. दहापैकी किती दुखतंय, असं तिने विचारलं. "दहा, डिअर," आंटी शांतपणे म्हणाल्या. मुलगी हसली आणि तिने आम्हाला बसायला सांगितलं.

आम्ही बसलो. मी पुन्हा पुन्हा उठून विचारून आले. सिकल सेल आहे, छातीत दुखतंय, असं सांगितलं. "शी लुक्स क्वाइट कम्फर्टेबल," मला सांगण्यात आलं. मी आंटींच्या कानाशी लागले. "आंटी, ओरडा ना हो. प्लीज. एकदाच ओरडा."

"ओरडले तर परत ती नशेबाज बाई होईन," त्या म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती, तरी पाठ ताठ होती.

दुपार कलताना त्यांची मान माझ्या खांद्यावर आली. मग ओरडले ती मी, आणि सगळे धावले. मॉर्फिन आलं, ऑक्सिजन आला. फुप्फुसांत रक्त अडकलं होतं. दुसऱ्या दिवशी आंटी गेल्या. त्यांना फार त्रास झाला नाही, असं एका तरुण डॉक्टरने मला हळुवार आवाजात सांगितलं. माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही.

पलीकडच्या घरात आता दुसरं कुटुंब आलंय. भली माणसं आहेत. सुजाता तिकडे बघत नाही.

काल सकाळी सगळीकडे बर्फ साचलं होतं. मी खाली आले तर सुजाता किचनमध्ये ओट्याला धरून उभी. चेहऱ्यावर घाम.

"दुखतंय का गं?"

"नाही."

"सुजाता."

"आय ॲम फाइन, आई. थोडासा आहे. हॉस्पिटलला नको जाऊया ना."

मी गाडीची किल्ली उचलली. ते बघून तिने ओट्याची कड दोन्ही हातांनी पकडली, पाठ सरळ केली, आणि मला बरं वाटतंय हे दाखवायला छान हसली.