नाही एक, नाही दोन

शुक्रवारी दुपारी दानियलचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "आंटी, पपा गेले..." एवढंच मराठीत बोलला, पुढचं इंग्रजीत. नोव्हेनाच्या हॉस्पिटलमधून चोआ चू कांगच्या दफनभूमीत न्यायचं होतं, तेही सूर्यास्ताआधी, कारण मग शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा वार, लागणार. "मस्ट हॅव टेन मेन, आंटी. इफ नॉट, आय कॅनॉट से द प्रेअर फॉर पपा." मुलाने बापासाठी म्हणायची ती प्रार्थना दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही.

दानियलचे पपा, रूबेन चौलकर, आंग मो किओत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मरीन इंजिनियर, मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. "वहिनी, आम्ही शनवार तेली. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद!" असं तोऱ्यात सांगत, जन्मात घाणा पाहिला नसताना. बायको गेल्यापासून शनिवारी अंधार पडून शब्बाथ सुटला की बापलेक आमच्याकडे जेवायला. आम्ही तिघं, मी, माझे यजमान आणि लेक, त्यांची वाट बघत असायचो. पहिल्याच शनिवारी मी बोट नाचवत ताटांसाठी माणसं मोजायला लागले, तर रूबेन भाऊजी कळवळले. "माणसं मोजू नयेत, वहिनी. नजर लागते. नाही एक, नाही दोन, असं म्हणा." मी पुण्याची, मुकाट ऐकेन तर ना! "आमचा वाणी धान्य मापताना एकच्या जागी 'लाभ' म्हणायचा. तुमचं हे नाही-नाही कसलं?" ते पोट धरून हसले.

जेवताना मग त्यांच्या पूर्वजांच्या शिरगणतीची गोष्ट निघे. वाळवंटात वंशावंशाने, बापाच्या घराण्याप्रमाणे, विशीच्या पुढचा आणि हत्यार धरू शकेल असा प्रत्येक पुरुष मोजला होता. त्यात पहिला वंश रूबेनचा. "म्हणजे तुम्ही पहिल्या नंबराचे!" मी म्हणाले. "कसलं हो! आमचं जहाज कोकणच्या किनाऱ्याला फुटलं, त्यात वंशावळी बुडाल्या. जीव तेवढे वर आले. नाव रूबेन, वंश कुठला ते देव जाणे. आता चौल हाच आमचा वंश..." बोलायचे हसत, पण बघायचे दानियलकडे. त्यांच्या घराण्याचा तेवढा एकच धागा उरला होता.

तो धागा नॅशनल सर्व्हिसला, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेला, निघाला, तेव्हा पोराला आई नाही म्हणून तेकोंग बेटावर सोडायला मीही गेले. सार्जंट पोरांना मोजत होता, "वन, टू, थ्री..." आणि माझ्या शेजारी भाऊजी ओठांतल्या ओठांत, "नाही एक, नाही दोन..." डोळे भरलेले. माझ्या जिभेवर थट्टा आली होती, ती गिळली.

दफनभूमीत दानियल युनिफॉर्मवरच आला होता. एक वृद्ध गृहस्थ माणसं न मोजता दहा शब्दांचं वचन म्हणत होते, माणसामागे एक शब्द. शेवटचा शब्द उरला. माझे यजमान पुढे झाले, "मी उभा राहू का?" त्या वृद्धांनी मायेने मान हलवली... नाही. ऊन कलत होतं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "एक माणूस कमी पडला की आम्ही रूबेनलाच फोन करायचो." मला रडू आवरेना. ज्याच्यासाठी सगळे थांबले होते, तोच कमी पडला होता.

शेवटी तांजोंग पगारच्या ऑफिसातून टाय सैल करत एक जण धावत आला. दानियलने प्रार्थना म्हटली. मला त्यातला शब्दही कळला नाही, पण आवाज बापाचाच होता.

गेल्या शनिवारी तो एकटाच जेवायला आला. मी ताटं मांडत होते. नाही एक, नाही दोन, नाही तीन, नाही चार... पाचवं ताट सवयीने हातात आलेलं. इतकी वर्षं तो 'नाही' खोटा होता, म्हणून तोंडातून सहज निघायचा. आता निघेना. दानियलने ताट माझ्या हातून घेतलं.

"नाही पाच," तो मराठीत म्हणाला, आणि ते बापाच्या जागी मांडलं.