राखलेला शेंडा

रोह्याच्या वाटेवर धाटावच्या कंपनीच्या बसची वाट बघताना मी एका शेतकरी काकाला दर उन्हाळ्यात ऐनाच्या झाडावर बघायचो. भाताचं रोप टाकायची जमीन भाजायला, राबासाठी, तो फांद्या उतरवायचा. शेंडा मात्र राखायचा. राबाचा धूर व्हायचा आणि पावसात झाड पुन्हा पाल्याने भरायचं.

यंदा आमच्या कंपनीच्या बॉयलरसाठी ठेकेदाराने झाडंच घेतली. तोडायला हा काकाच. सवयीने वर चढला, फांद्या उतरवल्या, शेंडा राखला आणि खाली येऊन बुंध्यावर कुऱ्हाड घातली.

“काका, शेंडा कशाला ठेवलात?”

“हात ऐकत नाय,” तो म्हणाला.

आता शिफ्टभर मी आमच्या चिमणीचा धूर बघतो. त्या धुराला पाला होऊन परत यायला झाड उरलेलं नाही.