बर्फावर राहिलेला टॉम

माझे सासरे, अण्णा, आयर्लंडला सहा महिन्यांसाठी आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की आमच्या या ओंगार उपनगरात माणसं राहत नाहीत, नुसत्या गाड्या राहतात. भूमी अभिलेख कार्यालयात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. समोर जुना कागद नसला की अन्न गोड लागत नाही. शेवटी शेजारच्या नोराबाईंनी त्यांना कागद दिला आणि मी सुटले.

नोराबाई एक्क्याऐंशीच्या. त्यांचे पणजोबा मायकेल आणि त्यांचा धाकटा भाऊ टॉम देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर होते. उत्तरेच्या बर्फात जहाज चिरडलं, मायकेल एकटाच घरी आला. टॉमला मागे जिवंत सोडलं का, हे त्यानं मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. वही तेवढी लिहून ठेवली, पण ते अक्षर घरात कोणालाच लागेना.

"मी जाण्याआधी मला कळायला हवं," नोराबाई म्हणाल्या.

"तलाठ्यांची अक्षरं वाचलीत मी," अण्णा म्हणाले. झालं! माझं डायनिंग टेबल गेलं. रोज जेवताना बातम्या: आज उलट्या होडीखाली झोपले, आज बिस्किटं संपली, आज सीलची चरबी खाल्ली. आणि हे सांगणारा माणूस भाजीत तेल जरा जास्त झालं तरी नाक मुरडणारा! पोळी वाढायला गेले की म्हणायचे, "अगं, ते तिकडे उपाशी आहेत." जशी काही मीच त्यांची पोळी अडवून ठेवली होती.

मग एक दिवस अण्णा गप्प झाले. अण्णा आणि गप्प! मला धसकाच बसला. बीपी तपासलं, तर ते इथल्या भाषेत एकदम ग्रँड, म्हणजे ठणठणीत. "सापडलं," एवढंच म्हणाले. पुढचे दोन दिवस नोराबाई दिसल्या की स्वारी पडद्याआड. बहात्तर वर्षांचा माणूस लपतोय, हसावं की रडावं!

तिसऱ्या दिवशी मीच नोराबाईंना चहाला बोलावलं. अण्णांनी चष्मा लावला आणि सरळ वाचलं. टॉमचे पाय गोठले होते. दुसरं जहाज दिसलं, ते बर्फावरून दोन दिवसांच्या चालीवर. टॉम म्हणत होता, जाऊ नकोस. त्याला झोप लागल्यावर मायकेल मदत आणायला निघाला. माणसं घेऊन परतला, तेव्हा तो बर्फच वाहून गेला होता.

नोराबाईंनी चहा न पिताच कप खाली ठेवला.

"म्हणजे टॉम कुठल्या दिवशी गेला, हे कोणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"आमच्यात अशांसाठीही एक दिवस असतो," अण्णा म्हणाले. "सर्वपित्री अमावस्या. ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांच्या नावानं पान वाढतात. येत्या रविवारीच आहे."

रविवारी नोराबाई घरी भाजलेला ब्रेड घेऊन हजर. अण्णांनी टॉमच्या नावानं पान मांडलं. खीर, वडे, भाजी आणि शेजारी तो ब्रेड.

"अजून एक वाढा," नोराबाई म्हणाल्या.

"कोणासाठी?"

"मायकेलसाठी. एकटा परत आला, तेव्हापासून त्याच्या आईनं त्याला कधी टेबलाशी बसू दिलं नाही."

अण्णांनी दुसरं पान टॉमच्या पानाला अगदी लागून मांडलं.