तिसरी चिठ्ठी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. दोनदा सांगायला बसले – आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून उठले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी मुळशीतल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. बावीस वर्षं झाली. शाळेच्या व्हरांड्यात तक्रारपेटी आहे, तिची किल्ली माझ्याकडे असते. शनिवारी पेटी उघडायची, चिठ्ठ्या वाचायच्या, वहीत नोंद करायची. बहुतेक वेळा आत काही नसतं. मग 'निरंक' लिहायचं.

सारिका आठवीत होती, माले गावाहून एसटीनं यायची. तिच्या ओठांभोवती आणि बोटांवर कोड होतं. माझी मुलगी तन्वी त्याच वर्गात – मॉनिटर, हुशार, सगळ्या शिक्षकांची लाडकी.

मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. सारिका पाणी पिऊन गेली की मुली नळ पुसायच्या. तिची वही पुढं द्यायची तर पट्टीनं ढकलायच्या. मी बघायचे आणि स्वतःला म्हणायचे – पोरी आहेत, चालायचंच.

मग पहिली चिठ्ठी निघाली. खाली नाव नव्हतं, पण ते अक्षर मी रोज तपासायचे. 'माझा हात लागला की सगळ्यांनी हात धुवायचे असा नियम आहे. नियम तन्वीने केला.'

ती मी पर्समध्ये टाकली. वहीत लिहिलं – निरंक.

घरी तन्वीला विचारलं. तेही कसं? भाजी चिरता चिरता, सहज विचारावं तसं. ती म्हणाली, गंमत असते गं. मी भाजी फोडणीला टाकली. पण कुणी सांगितलं असेल ते तिला कळलं. त्या आठवड्यात सारिकाशेजारी बसणारी एकुलती एक मुलगीही उठून दुसऱ्या बाकावर गेली.

दुसरी चिठ्ठी आली. तीही पर्समध्ये.

तिसरीत एकच ओळ होती. 'बाई, तुम्ही वाचता ना?'

ती वाचून मी काय केलं? घरी लवकर जायचं होतं. गेले.

दिवाळीनंतर सारिका यायची बंद झाली. एक दिवस तिची आई तिला घेऊन मुख्याध्यापकांकडे आली.

"शाळंचं नाव काढलं की पोरगी रडती, सर. इचारलं तर बोलत न्हाई. हितं काय झालंय का?"

सरांनी मला बोलावलं. पेटीत काही आलं होतं का, विचारलं.

सारिका आईच्या मागं उभी होती. ओढणी ओठांपर्यंत ओढलेली. माझ्याकडे बघत होती – रागानं नाही. वाट बघत होती.

मी म्हणाले, "नाही, सर. काहीच नाही."

तिनं मान खाली घातली. आईला म्हणाली, "चल." एवढंच. ती तिथं खरं सांगू शकली असती – का नाही सांगितलं? आपलं कुणी ऐकणार नाही, हे तिला चौदाव्या वर्षी पक्कं कळलं होतं. आणि ते तिला मी शिकवलं.

आठ वर्षं झाली. शाळेत या विषयावर बैठक असली की मुलांना होणारा त्रास कसा ओळखावा, हे मीच समजावून सांगते. चांगलं सांगते.

तिची आई अधूनमधून पौडच्या बाजारात भेटते. सारिका घरातच असते म्हणते. कुणाच्या लग्नाला जात नाही, पाव्हणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते.

"तुमी लई जीव लावून शिकवत व्हता, बाई," म्हणते. "तिचंच मन लागलं न्हाई."

मी मान हलवते. दर वेळी.

तन्वी आता हिंजवडीत नोकरीला आहे. गेल्या महिन्यात जेवताना मी तिला विचारलं, तुमच्या वर्गातली सारिका आठवते का गं? तिनं खरंच आठवून पाहिलं – ती खोटं बोलत नव्हती.

"कोण सारिका?"

मी ताटातला भात कालवत राहिले.

"कुणी नाही," म्हणाले.