बाणांनी भरलेलं कपाट

सीडी हातात आली की मॅडम आधी ती खिडकीकडे धरायच्या. तिच्या चकचकीत पाठीत स्वतःचा चेहरा बघायच्या, कपाळावरची विभूती जागेवर आहे ना ते तपासायच्या, पदर सावरायच्या, आणि समोरच्याकडे न बघताच म्हणायच्या, "उघडा."

बास, एवढंच. पण हा एक शब्द ऐकून आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात भलेभले संशोधक गळपटलेले मी बघितलेत. एकाला तर चक्क घेरी आली. त्याला त्याच्या मार्गदर्शकांनी धरलं, मार्गदर्शकांना शिपायानं धरलं आणि शिपायानं टेबल धरलं. टेबल जुन्या सागवानाचं होतं म्हणून सगळे वाचले.

मी शेजारच्याच टेबलावर, पीएच.डी.ची कागदपत्रं बघायला. त्यामुळे हे सगळं मला फुकटात, पंख्याखाली बसून बघायला मिळालं. प्रबंध जमा करायला माणूस कसा येतो ते तुम्ही पाहिलं असेलच. लाल रेक्झिनची बांधणी, त्यावर सोनेरी अक्षरं, मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात सीडी, हातात पेढ्यांचा पुडा. मॅडम पुडा बाजूला सारायच्या. "पेढे नंतर. आधी उघडा. आणि नुसता प्रबंध नको, त्याच्यामागचं मूळ पण दाखवा. मोजमापं, मुलाखती, जे काय केलंय ते."

एकदा एक ज्येष्ठ प्राध्यापक चिडले. "मॅडम, हा प्रबंध तरी कोण वाचणार आहे? मूळ घेऊन काय करायचंय?"

"कोणी नाही वाचणार, सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आज तर नाहीच. पन्नास वर्षांनी एखादा येईल. त्याच्यासमोर काय ठेवू? पेढे छान होते म्हणून सांगू?"

त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं. घरात कन्नड, दारात मराठी. रागावल्या की "अय्यय्यो" म्हणायच्या, फारच रागावल्या की "साकु!" म्हणजे पुरे. तिकडे त्यांच्या वडिलांच्या घरी बियाण्याचा जोंधळा कधी एका छपराखाली ठेवत नसत. तीन घरांत वाटून ठेवायचे. मॅडमनी विद्यापीठाच्या डेटालाही तोच नियम लावला. एक प्रत ग्रंथालयात, एक बहिणीकडे अक्कलकोटला, एक स्वतःच्या स्वयंपाकघरात चिवड्याच्या रिकाम्या डब्यात, वर कडुनिंबाचा पाला घालून. पाला कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "कीड लागत नाही कशावरून?" आता पेनड्राइव्हला कीड लागते का, हे मला आजही माहीत नाही. पण त्यांच्याकडच्या एकाही पेनड्राइव्हला लागली नाही, हे मी शपथेवर सांगतो.

हे सगळं त्या टेबलावर मॅडम आल्यानंतरचं. त्यांच्या आधीच्या सीड्या एका लोखंडी कपाटात झोपलेल्या होत्या. त्या कधी कोणी उघडल्या नव्हत्या. उघडायच्या असतात असं कोणाला वाटलंच नव्हतं. त्या कपाटाला हात लावायची वेळ आणली मंगळवेढ्याच्या एका प्राध्यापकानं.

हा गडी जोंधळ्यावर पीएच.डी. झालेला. चार हंगाम दर आठवड्याला वेगवेगळ्या शिवारांतून माती खणून आणायची, वजन करायची, वाळवायची, परत वजन करायची. जमिनीत ओल किती राहते आणि त्यावर जोंधळा कसा तगतो, असा विषय. काळी माती त्याच्या नखांत इतकी बसली होती की लग्नात हळद लागली ती मातीवरच, असं त्याचे मित्र सांगायचे. नवरात्रात तो ग्रंथालयात आला तेव्हा मात्र त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम, माझ्यावर तक्रार झालीया. आकडे बनवलेत म्हणत्यात. चौकशी समितीपुढं मूळ नोंदी ठेवा म्हणत्यात, न्हायतर डिग्री जाईल. डिग्रीवरच नोकरी हाय माझी."

"मग ठेवा की."

"लॅपटॉप न्हाय. सासुरवाडी उजनीच्या काठाला हाय. होडीतनं जाताना पिशवी पाण्यात गेली." त्याच्या मते तिथल्या माशांनी एव्हाना डॉक्टरेट घेतली असेल. हे तो हसत सांगायचा प्रयत्न करत होता, पण जमत नव्हतं. "म्हणलं, तुमच्याकडं सीडी हाय की. मूळ नोंदी बी तिच्यातच घातल्या व्हत्या."

सीडी होती. तिच्यावर त्याचा फोटो होता, भोवती फुलांची महिरप होती, जणू लग्नाचीच सीडी. मॅडमनी ती घातली. पडद्यावर फाईल दिसली. दाबली. उघडेना. मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला. फाईलच्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटासा वाकडा बाण होता, शॉर्टकटचा.

"अय्यय्यो," मॅडम म्हणाल्या. "हा तर नुसता पत्ता आहे. घर कुठाय?"

मग दिवसभर आम्ही कपाटातली एकेक सीडी घालून पाहिली. बाण. पुन्हा बाण. इतिहासाचे बाण, रसायनशास्त्राचे बाण, यंत्रमाग कामगारांच्या मुलाखतींचे बाण. सोलापूरची सगळी विद्वत्ता त्या कपाटात होती आणि सगळी मिळून बाहेर बोट दाखवत होती. कुठे? तर विद्यापीठाच्या गेटसमोरच्या टायपिंगच्या दुकानाकडे. सगळे संशोधक सीडी तिथेच करून घ्यायचे. दुकानदार कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणारी फाईल उचलून सीडीवर टाकायचा आणि संशोधकाला लगेच उघडूनही दाखवायचा. ती उघडायचीच, कारण मूळ त्याच मशीनमध्ये असायचं. माणूस खूश होऊन रस्ता ओलांडायचा आणि रस्त्यातच त्याचं संशोधन संपायचं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. समिती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बसणार होती. मॅडम, जोंधळेवाला आणि मी, तिघे दुकानात पोचलो तर दारात उदबत्तीचा वास. आत कॉम्प्युटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर हळदकुंकू, माऊसपुढे फोडलेला नारळ. दुकानदाराचं घराणं तेलुगू विणकरांचं. त्याचे वडील खंडेनवमीला माग पुसून लख्ख करायचे आणि मग पुजायचे.

"बाबा माग पुसायचे की मॅडम," तो अभिमानानं म्हणाला, "तसं मी दरवर्षी मशीन पुसतो. काल सगळं फॉर्मॅट मारलं. एकदम कोरं. मग पूजा."

जोंधळेवाला खुर्चीवर बसला. खुर्ची नव्हती, तो बसला तेव्हा ते माझ्या लक्षात आलं.

"सगळं?" मॅडमचा आवाज मी पहिल्यांदाच बारीक झालेला ऐकला.

"सगळं म्हणजे सी ड्राइव्ह. डी ड्राइव्हला हात लावत नाही मी. त्यात आमच्या थोरलीच्या लग्नाचा व्हिडिओ हाय. ते गेलं तर बायको घरात घेईल का?"

बघा, मंडळी. शासनाचे नियम आहेत, विद्यापीठाची समिती आहे, तिच्या बैठकांचा चहा आहे. आणि सोलापूरचं संशोधन वाचलं ते एका बाईच्या भीतीनं.

"अण्णा, उघडा," मॅडम म्हणाल्या.

"आज न्हाय जमणार. पुजलेलं हत्यार हाय. परवा या."

"परवा सकाळी याचा निकाल आहे."

"पाप लागतंय, मॅडम."

मॅडमनी करंडा ओढला, मशीनला पुन्हा एकदा कुंकू लावलं आणि हात जोडले. "अण्णा, तुमचा देव आज विश्रांती घेतो. आमच्यात देवाला सुट्टी नसते, पूजेच्या दिवशीपण तो कामावर असतो. आमच्या देवाच्या नावानं बटण दाबा. पाप आलंच तर माझ्याकडे पाठवा."

दुकानदारानं डोळे मिटून बटण दाबलं. डी ड्राइव्हमध्ये लग्नाचे तुकडेच तुकडे होते, हळदीपासून पाठवणीपर्यंत. त्यांच्या मधे 'फायनल', 'नवीन फायनल', 'खरं फायनल', 'आता शेवटचं फायनल' अशा नावांचं अख्खं विद्यापीठ दाटीवाटीनं बसलेलं. जोंधळेवाल्याची फाईल वरमाला आणि जेवणावळीच्या मधे सापडली. तो लहान पोरासारखा रडला. आम्हीही जरा इकडेतिकडे बघितलं.

मॅडमनी फाईल उघडली आणि सोबत आणलेला प्रबंध मांडीवर घेऊन एकेक ओळ खाली उतरू लागल्या. मधेच थांबल्या.

"हे तीन आठवडे रिकामे कसे?"

गड्याचं रडणं बंद झालं.

"प्रबंधात तर इथं आकडे आहेत."

"आधीचा न् नंतरचा घेऊन मधली सरासरी भरली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "त्या टायमाला माझं लग्न होतं, मॅडम. शिवारात गेलोच न्हाय."

"पाऊस झाला होता का त्या आठवड्यांत?"

"व्हय. अवकाळी. लई."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? मांडव पडला की अंगावर. भटजी शामियान्याखाली घावले."

तक्रार झाली होती ती नेमकी यावरच. आजूबाजूची सगळी शिवारं त्या पावसानं भिजली होती आणि याचे आकडे मात्र कोरड्या अंगानं सरळ रेषेत चालले होते. जोंधळेवाल्यानं मॅडमचे पाय धरायचंच बाकी ठेवलं. "सापडलंच न्हाय म्हणा की. हरवलं म्हणलं तर निदान संशयाचा फायदा मिळंल. ही रिकामी जागा बघितली तर मेलोच मी."

दुकानदार भला माणूस. त्यानं हळूच विचारलं, "पुसू का? दोन मिन्टात होतंय."

"साकु!" मॅडम इतक्या जोरात ओरडल्या की झेंडूची माळ निसटून खाली पडली. मग त्या जोंधळेवाल्याकडे वळल्या. मला वाटलं आता याचं काही खरं नाही. पण त्या त्याच्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

"चार हंगाम माती उकरलीत तुम्ही. तीन आठवडे लग्नात गेले. हे पुसलं तर चारही हंगाम लग्नातच गेले असं लोक म्हणतील. चालेल?"

तो नखांतली माती कोरत बसला.

"रिकामं आहे ते रिकामं ठेवा. फक्त शेजारी कारण लिहा."

"काय लिहू? लग्न?"

"मग काय दुष्काळ लिहिता? लग्न झालं तर लग्नच लिहायचं."

त्यानं लिहिलं. मॅडमनी तिथेच तीन प्रती केल्या, त्याच्या फाईलच्या आणि बाकी सगळ्या 'फायनलां'च्याही.

समितीनं त्याला खरपूस झापलं, एक लेख मागे घ्यायला लावला, प्रबंधात दुरुस्ती करायला लावली. पण चार हंगामांच्या बाकी नोंदी इतक्या खऱ्या, इतक्या चिखलाच्या निघाल्या की डिग्रीला हात लावायचा कोणाला धीर झाला नाही. नोकरी वाचली. पुढे विद्यापीठानं 'संशोधन डेटा जतन' या विषयावर मोठा कार्यक्रम घेतला. त्यात संशोधनाचा ठेवा सांभाळल्याबद्दल शाल आणि श्रीफळ मिळालं दुकानदाराला. मॅडमना मेमो मिळाला: कार्यालयीन वेळेत, पूर्वपरवानगीविना, खासगी संगणक हाताळल्याबद्दल. मॅडमनी तो वाचला, मनापासून हसल्या, स्कॅन केला आणि एक प्रत बहिणीला धाडली.

निवृत्त होऊन त्या अक्कलकोटला गेल्या. आता आमच्याकडे सगळं ऑनलाइन झालंय. संशोधक फाईल चढवतो, 'डेटा तपासला आहे' या चौकोनात खूण करतो आणि घरी जातो. चौकोन रिकामा सोडणारा अजून एकही निघालेला नाही. इतकी प्रामाणिक माणसं एका जिल्ह्यात असावीत याचा मला फार अभिमान वाटतो.

मंगळवेढ्याचा गडी मात्र थांबला नाही. कोणी मागितलं नाही, पदवी कधीच मिळालेली, तरी दर हिवाळ्यात त्याचं माती खणणं चालू आहे. हंगाम संपला की फाईल माझ्याकडे पाठवतो. गेल्या थंडीत मॅडम गेल्या. मी काही पोचू शकलो नाही. यंदाची फाईल आली ती मी सवयीनं उघडून खालपर्यंत बघितली. ओल हळूहळू उतरत गेलेली, दर आठवड्याला थोडी थोडी, अगदी शहाण्यासारखी. मधला एक आठवडा फक्त रिकामा होता. आधीचा आकडा होता, नंतरचा होता. सरासरी शाळेतल्या पोरानंही काढली असती.

शेजारी लिहिलं होतं: 'अक्कलकोटला गेलो होतो. मॅडमना माती द्यायला.'