उंबराखालचा कोरडा बोर

मॅडमनी ट्रकच्या बॉनेटवर कागद पसरला आणि पेन्सिलीच्या टोकाने एक रेघ दाखवली. नकाशा कसला, लालभडक फोटो होता.

"हे लाल काय आहे?" मी विचारलं.

"जंगल, काका. उपग्रहाच्या या फोटोत हिरवी झाडं लाल दाखवतात."

"ज्याले हिरवं लाल दिसते, त्याले जमिनीतलं पाणी काय दिसन?"

टोल्यातले लोक हसले. मला बरं वाटलं.

दरेकशाच्या डोंगरातला हा पंधराएक घरांचा टोला. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी बोरच्या गाडीवर ऑपरेटर. चौथीपर्यंत शिकलो, पण रिग माझ्याइतकी कोणाला कळत नव्हती. हे मी तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो. रिग म्हणजे ट्रकवर बसवलेला लोखंडी मनोरा. कॉम्प्रेसरची हवा पाइपातून खाली जाते, हॅमर खडक फोडतो आणि भुगा हवेबरोबर वर येतो. चिखल आला तर पाणी आहे. धूळ आली तर नाही. आमच्याकडचा खडक कडक, पाणी फक्त भेगांत असतं. भेग चुकली की शेजारीच खोदलं तरी कोरडं.

मॅडम भूवैज्ञानिक, नागपूरच्या. फोटोतल्या त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "डोंगरात नाला वाकडातिकडा असतो. हा बघा किती सरळ चाललाय. खाली मोठी भेग आहे." मग भर उन्हात तीन बांध ओलांडून गेल्या आणि उतारावर चुन्याची फुली मारून आल्या.

मी गप्प बसणारा नाही. म्हणालो, "मॅडम, या टोल्याले रस्ता नाही, दवाखाना नाही. अन् सरकार रॉकेट सोडून राहिलं. कायले? त्या पैशात गावोगाव बोर झाले असते."

"ते बोर कुठे घ्यायचे हे कोणी सांगितलं असतं?"

"मी सांगितलं असतं."

"काका, दुसऱ्या देशाचा उपग्रह आधी त्यांच्या कामाचे फोटो काढतो. या टोल्याशी त्यांना काय घेणं? उपग्रह आपला आहे म्हणून हा फोटो निघाला."

मी कागदाची घडी करून त्यांच्या हातात दिली. राग आला होता.

मॅडमना पुढच्या गावी जायचं होतं. जीपमध्ये बसताना म्हणाल्या, "फुलीवरच घ्या. टोल्याला एकच बोर मंजूर आहे."

सुकवारोबाईने आम्हाला चहा आणून दिला. साठीची बाई, कपाळावर गोंदण. चहाचं पाणी झिऱ्याचं, म्हणजे नाल्याच्या रेतीत खड्डा करून वाटीवाटीने भरलेलं. ती म्हणाली, "मिस्त्री भाऊ, यंदा पाणी लागलं पायजे. पावसात झिरा बुडते, मग नाल्याचं गढूळच पेतो आमी. मागच्या साली माही सून हगवणीनं गेली. फुलीवरच खोदता ना?"

"बाई, कागदाच्या भरोशावर राहू नका. तो उंबर पाहा. उंबराखाली पाणी राहतेच."

उंबर गाडीवाटेला लागून होता. ट्रक सरळ उभा राहत होता. फुलीपर्यंत जायला तीन बांध फोडावे लागले असते. उंबराचं मी सगळ्यांना सांगितलं. बांधांचं बोललो नाही.

नव्वद फुटांवर भुगा जरा ओलसर आला. मी लोकांकडे पाहिलं. मग परत धूळ. दोनशे फूट ठरले होते, मी हट्टाने आणखी तीस गेलो. सुकवारोबाई जवळच उभी, केस धुळीने पांढरे.

"लागन का, भाऊ?"

"लागन."

शेवटी कॉम्प्रेसर मीच बंद केला. लोक एकेक करून पांगले.

दिवस मावळताना मॅडम परतल्या. आधी फुलीकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे.

"फुलीवर काऊन नाही" असं नागपुरीत ओरडून त्या विचारतील, वाटलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "का, काका?"

"गाडी जात नव्हती."

"बांध फोडायला लोक तयार होते. मी त्यांना विचारूनच फुली मारली होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गोंदियाला पाणीपुरवठा खात्याच्या साहेबांसमोर उभे राहिलो. ते म्हणाले, "एक टोला, एक बोर. ड्राय हो गया तो हो गया. अगले साल लिस्ट में डालेंगे." मॅडमनी दोनदा अर्ज केला. तोवर पाऊस लागला. डोंगरातल्या वाटेवर रिग चढणं बंद झालं.

पोळा झाल्यावर कळलं. टोल्यात हगवण लागली होती. सुकवारोबाईला खाटेवर टाकून दरेकसा स्टेशनपर्यंत आणलं. गाडी यायच्या आधीच फलाटावर तिचा जीव गेला.

पुढच्या उन्हाळ्यात टोला लिस्टमध्ये आला. दुसरा ऑपरेटर जाणार होता. मी मालकाला सांगितलं, तिथं मीच जाईन. तिन्ही बांध मी लोकांसोबत फावड्याने फोडले. फुली पुसली गेली होती, पण मॅडमनी जागेवर दगड रोवून ठेवला होता. एकशे दहा फुटांवर चिखल आला. मग पाणी, मनोऱ्याच्या अर्ध्यापर्यंत उडालं. लोक भिजत उभे राहिले.

सुकवारोबाईचा नवरा माझ्याजवळ आला.

"मिस्त्री, मागच्या साली बी हे पाणी इथंच होतं?"

"होतं."

तो पाण्याकडे वळला. मग आपली पितळी गुंडी भरली आणि घराकडे चालायला लागला.

आता रिटायर झालो. रॉकेट उडालं की आमच्या चौकात वाद होतो, एवढा खर्च कायले म्हणून. मला विचारतात. मी म्हणतो, करावा खर्च. उपग्रह आपलाच असावा, दुसऱ्याच्या दारी मागायला जाऊ नये. फक्त सरकारने टोल्याला दुसरा बोरही मंजूर करून ठेवावा. कारण खाली रिगवर माझ्यासारखा माणूस असतो.