मागच्या सीटवरच्या गोणी

दुबईतल्या रास अल खोरच्या त्या गॅरेजवाल्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. रत्नागिरीकडचे, पांढऱ्या दाढीचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. बोलताना हातातला पाना मांडीवर हलकेच आपटत राहायचे.

माझी जुनी, दोन दारांची अमेरिकन मसल कार मी त्यांच्याकडे नेली. म्हटलं, मागचे स्प्रिंगचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग टाका, गाडी सुसाट पळायला हवी.

“मागं बसणार कोण?”

“बाबा. आले तर.”

पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून दुबईचा विषय काढला, की बाबा “बघू” म्हणून फोन आईकडे द्यायचे.

“वजन?”

“असेल सत्तर किलो.”

शनिवारी गेलो, तर मागच्या सीटवर तांदळाच्या गोणी बसवलेल्या. वर बेल्टही लावलेला! चाचा गाडीखाली बोल्ट आवळत होते.

“चाचा, बाबांचं अजून नक्की नाही हो.”

“रिकाम्या गाडीवर आवळलं, तर माणूस बसल्यावर जोडातल्या बुशचं रबर पिळवटतं,” ते खालूनच म्हणाले. “येणाऱ्याला आधी बसवायचं, मग आवळायचं. येतील इन्शाल्ला. यल्ला, चला, तो पाना द्या.”

मी वर्षभर बाबांना नुसतं ‘या, या’ म्हणत होतो. ते येणारच असं धरून कामाला लागलेला हा पहिला माणूस.

मागे बाबांच्या पाठीला हादरा बसेल का ते बघायला अल मनखूलला घरी येईपर्यंत मी एकही स्पीड ब्रेकर चुकवला नाही. मग फोनवर बाबांना गोणींचं सांगितलं. ते खूप हसले. फोन आईकडे न देता म्हणाले,

“ते सगळं ठीक आहे रे. पण मी पुढे बसणार.”